परग्रहावरची काकू

पापनाशम स्टेशनातून सकाळची पॅसेंजर सुटली की तिकीटखिडकीपुढची गर्दी ओसरते आणि खिडकीच्या आत बसलेली भुवनेश्वरी मांडीवरचं पुस्तक उघडते. पुढची गाडी येईपर्यंत तिला कोणी विचारत नाही. कुंभकोणमला निघालेला एखादा गडी उशिराने येऊन काचेवर टकटक करतो, तेव्हा ती पानात बोट अडकवते, तिकीट देते, सुट्टे देते आणि पुन्हा बोटाच्या जागी परत जाते. त्या गड्याला काय कल्पना, की कपाळावर चष्मा चढवलेल्या या शांत बाईने आजवर दोन ग्रह बुडवले आहेत, एक चंद्र विझवला आहे, आणि गेल्याच रविवारी एका सम्राटाला, तो उगाच फार बोलतो म्हणून, कायमचा मुका करून टाकला आहे.

भुवनेश्वरी तमिळमध्ये कादंबऱ्या लिहिते. थोड्या अद्भुताच्या, थोड्या विज्ञानाच्या. त्यात यानंही असतात आणि शापही. कुंभकोणमचे सुब्रमण्यम त्या छापतात. त्यांचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. आडी आणि मार्गळी या तमिळ महिन्यांत लग्नं नसतात, यंत्र रिकामं राहतं, म्हणून ते कादंबऱ्यांकडे वळले. भुवनेश्वरीचे ग्रहतारे नेहमी बिनमुहूर्ताच्या महिन्यात उगवतात ते त्यामुळेच. पहिल्या आवृत्तीची मलपृष्ठं तर कुणाच्या तरी पत्रिकेच्या उरलेल्या कार्डावर छापली होती. नीट निरखलं तर राक्षसाच्या पायाशी पुसट गणपती दिसायचा.

घरचं म्हणाल तर ती मराठी. पूर्वज भोसल्यांच्या दरबारी लिहायला म्हणून तंजावरात आले आणि परत जायचं विसरले. राजवाड्याच्या पश्चिमेला त्यांची गल्ली. शाळा तमिळ, नोकरी इंग्रजी, स्वयंपाकघर मराठी. देवनागरी मात्र घरात कोणालाच येत नाही. मराठीत काही लिहायचंच झालं, वाणसामानाची यादी किंवा देवाचं गाणं, तर ते तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये 'क'ही तोच आणि 'ग'ही तोच, त्यामुळे घरच्या माणसालाच ते नीट वाचता येतं. बाहेरच्याने वाचलं तर 'गाय'ची 'काय' होते.

वाचनाचं वेड तिला लागलं ते काही कुणाच्या थोर उपदेशाने नव्हे, कांजिण्यांनी. लहान असताना तिला कांजिण्या आल्या, आणि कडुनिंबाच्या डहाळ्या लावून घरच्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं. खेळ बंद, टीव्ही बंद. कमलाक्षीकाकूला, म्हणजे धाकट्या चुलतीला, कांजिण्या होऊन गेलेल्या, म्हणून तीच तिच्याजवळ बसायची. काकूने कुठूनशी जुन्या मासिकांची चळत आणली. तिच्यात एक गोष्ट होती, एकटाच अंतराळात निघालेल्या माणसाची. शेवटचं पान फाटलेलं. भुवनेश्वरी दिवसभर कासावीस. अखेर तिने स्वतःच शेवट रचला आणि काकूला सांगितला: तो माणूस एका निळ्या ताऱ्यावर उतरतो आणि तिथला राजा होतो.

काकूने सगळं ऐकून घेतलं. "बेस आहे," ती म्हणाली. "पण त्याला जेवायला कोण घालतं तेथें?"

हा प्रश्न भुवनेश्वरीच्या डोक्यात बसला. नंतर तिने शेकड्यांनी पुस्तकं वाचली. ग्रंथालयातलं कपाट संपवलं, कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलींच्या ट्रंका रिकाम्या केल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या, मुरलीकृष्णाच्या, आजोबांची कुलूपबंद पेटीसुद्धा सोडली नाही. वाचता वाचता तिने किती दूध उतू घालवलं त्याला गणती नाही. मुरली बिचारा स्वभावाने गरीब, उतू गेलेलं दूध तो आधी पुसायचा आणि मग विचारायचा, "आज कोण मेलं पुस्तकात?" पण एवढ्या पुस्तकांतसुद्धा काकूच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं नाही. वीर तलवारी घेऊन जग पालथं घालायचे, आणि जेवायचे कधी ते कोणी लिहीत नव्हतं.

म्हणून तिने स्वतः लिहायला घेतलं. तिरुवैयारूच्या घाटाखाली, पाच नद्यांच्या पाण्याच्याही खाली, एका दुसऱ्या ग्रहाची वाट आहे, त्या ग्रहाचं नाव नीरकम, आणि तिथे सगळा समुद्रच समुद्र. इथवर गाडी झकास चालली. अडली ती भाषेपाशी. ज्या ज्या लेखकांचे परके लोक तिला आवडले होते, त्या सगळ्यांनी त्या लोकांना स्वतःची बोली दिलेली. भुवनेश्वरीनेही एक भाषा रचून पाहिली. झ्रूम, थ्वाक, असलं काहीतरी. मुरलीला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "यांच्या तोंडात गरम इडली आहे का?" तिने कागद फाडून टाकला.

मग एका रविवारी ती काकांकडे गेली होती. सांबशिवकाका ओसरीवर पेपर वाचत होते आणि काकू परसात एका कावळ्याला फैलावर घेत होती. कावळा भाताचा घास घेऊन उडून निघाला होता, आणि काकूचं म्हणणं असं की बसून खा. दारावरून जाणारा फुलवाला थांबून ऐकत राहिला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण ओरडा आहे आणि त्यात माया आहे एवढं नक्की कळत होतं. भुवनेश्वरी जागच्या जागी उभी राहिली. ही तर तयार भाषा! तंजावरच्या काही गल्ल्या सोडल्या तर अख्ख्या तमिळनाडूत कोणाला कळत नाही, आणि वापरून वापरून अशी मऊ झालेली की रचलेली वाटणारच नाही.

नीरकमचे लोक तेव्हापासून तंजावरी मराठी बोलू लागले, तमिळ अक्षरांत, आणि खाली तमिळ अर्थ. आणि त्या लोकांत एक म्हातारी नावाडीण आली, वेंबी. ग्रहाच्या वेशीवर तिची नाव. सम्राट येवो की भिकारी, जेवल्याशिवाय ती कोणाला पैलतीरी नेत नाही. "जायचं तर जा, जेवून जा," ती ओरडते. "रित्या पोटीं गेलास तर मला नीज पडना." हे वाक्य कमलाक्षीकाकूचं होतं, शब्दन् शब्द. वेंबीचं बाकीचं बोलणंही काकूचंच.

ही चोरी कोणी पकडेल अशी भीती नव्हती. घरात कोणी असलं वाचत नव्हतं. आपली भुवना काहीतरी लिहिते याचा अभिमान सगळ्यांना होता, पण तो कोणी लोणचं बरं घालतं त्याचा असतो तेवढाच. काकूला वाचायला फारसं येत नव्हतं. पुस्तक हातात घेऊन तिने वजन पाहिलं आणि "बेस जाड आहे" म्हणाली. काकांचं मत तर जाहीरच होतं, की घडलेलंच वाचून होत नाही, न घडलेलं कशाला वाचायचं.

वाचक मात्र वेडे झाले. मदुराई, तिरुनेलवेली, तिरुप्पूर, कुठून कुठून पत्रं आणि निरोप. ही भाषा तुम्ही कशी बनवलीत? कोइमतूरच्या कुणीतरी नीरकम-भाषेचा शब्दकोश करून इंटरनेटवर टाकला. कॉलेजातली पोरं एकमेकांना लवकर बोलावताना "लोकर ये" आणि गप्प बसवताना "उगे बस" म्हणू लागली. भुवनेश्वरीने कोणालाच खरं सांगितलं नाही. आधी गंमत म्हणून, मग इतके दिवस सांगितलं नाही म्हणून.

तीन वर्षांपूर्वी काकू गेली. इस्पितळात, भर दुपारी. भुवनेश्वरी तेव्हा पापनाशमला खिडकीत होती. निरोप मिळाला तेव्हा खिडकीपुढे रांग होती आणि बदलीचा माणूस येईपर्यंत तिने तिकिटं दिली. तंजावरला पोचली तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. जमलेल्या बायकांत कोणीतरी म्हणालं, "शेवटी जवळ कोणी नव्हतं. काका औषधं आणायला खाली गेले होते, तेवढ्यात." हे वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. तिने पाचवं पुस्तक लिहिलं ते त्या वेदनेतच. त्यात वेंबी मरते. सगळे प्रवासी उतरून गेलेले, समुद्र शांत, आणि नावेत ती एकटी. वाचकांनी रडून पानं भिजवली. सुब्रमण्यमनी पुन्हा छापलं, तेही भर लग्नसराईत.

काकांना मूलबाळ नव्हतं. काकूच्या मागे भुवनेश्वरी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागली. डब्यातून दह्यातली डांगर पचडी न्यायची, दोघांची कॉफी करायची आणि मग हळूच विचारायची, "काका, कोणी न सांगतां आलं तर काकू काय म्हणायची?" काका खुलायचे. काकूचा आवाज काढून सांगायचे. पोरीला काकूची आठवण येते, आणखी काय. आठवण यायचीच, तिच्याइतकी कोणाला येत नसेल. पण त्यातलं निम्मं घरी जाताच सहाव्या पुस्तकात जायचं हेही खरं, आणि ते तिचं तिला टोचायचं. आज सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं करत ती दिवस ढकलत होती.

गोष्ट फुटली ती तिरुवैयारूच्या बसमध्ये.

अमावास्येला काका तर्पणासाठी तिरुवैयारूला नदीवर जातात. त्या दिवशी बसमध्ये त्यांच्या पुढच्या बाकावर एक तरुण जोडपं बसायला आलं. नवरा मागे रेंगाळला तशी बायको म्हणाली, "लोकर ये, लोकर ये!" तो म्हणाला, "उगे बस की."

काकांनी कान टवकारले. तंजावरात आपल्या बोलीत बोलणारं प्रत्येक घर त्यांना ठाऊक. हे चेहरे तर कधी पाहिलेले नाहीत. उच्चार थोडे विचित्र होते, पण मद्रासेकडे वाढलेली पोरं अशीच बोलतात. आपली माणसं, आणि अशी बसमध्ये अवचित! त्यांनी पुढे वाकून मुलीच्या बाकावर थाप मारली आणि विचारलं, "कोणाचीं गो तुम्ही? कोणत्या घरचीं?"

दोघं वळून बघत राहिली. मग ती मुलगी आनंदाने जवळजवळ किंचाळलीच. तमिळमध्ये म्हणाली, "ताता," म्हणजे आजोबा, "तुम्हालाही नीरकम-भाषा येते?"

"नीरकम?" काका म्हणाले. "तें कोठें आलं? पापनाशमकडे की?"

जोडपं दिंडिगलचं होतं. पुस्तकातला घाट बघायला आलेलं. एवढा म्हातारा वाचक भेटला, तोही असा घडाघडा बोलणारा, या हर्षाने मुलीच्या नवऱ्याने फोन काढून चित्रण सुरू केलं. "बोला ना ताता, अजून बोला!" आणि काका बोलले. जेवलात की, आईबाप कोठें असतात, तंजावरला कोणाकडे उतरलांत. पोरं हसत होती, टाळ्या वाजवत होती, आणि काकांना वाटत होतं की आपल्या माणसांना भेटून ती सुखावली आहेत. शेवटी त्या मुलीने कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि ठसक्यात म्हणाली, "जायचं तर जा, जेवून जा. रित्या पोटीं गेलास तर मला नीज पडना."

काकांचा चेहरा एकदम थांबला. "हें कोणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं. आता तमिळमध्ये.

"वेंबीचं वाक्य आहे ताता! भुवनेश्वरी मॅडमच्या पुस्तकातलं. तुम्हाला तर पाठच असेल ना?"

तिथेच चित्रण संपतं.

भुवनेश्वरीने ते पापनाशमच्या खिडकीत पाहिलं. एका वाचकाने मोठ्या कौतुकाने पाठवलं होतं, वर लिहिलेलं, 'नीरकमचा खरा माणूस सापडला!' लोकांनी खाली हसरे चेहरे टाकलेले. तिने ते पुन्हा पाहिलं. काकांचा तो आधीचा चेहरा, आपली माणसं भेटली म्हणून उजळलेला, तिला बघवेना. समोरच्या बाईने मैलाडुतुरैचं तिकीट मागितलं, हिने तंजावरचं दिलं. बाई चांगलीच तडकली.

संध्याकाळी ती थेट काकांच्या घरी गेली. ते ओसरीवर बसले होते. पेपर घडी न मोडता तसाच बाजूला.

"काका..."

"पुस्तकें आण," ते म्हणाले. "अस्कीं."

तिने सगळी आणून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी बोलवीन तेव्हां ये. तंवर नक्को."

रविवार आला आणि गेला. पुढचाही गेला. काका रागावले याचं तिला दुःख होतंच, पण खरी भीती वेगळी होती. आता त्यांना वाटणार की पोर माझ्या मायेने येत नव्हती, शब्द वेचायला येत होती. आणि आपण नाही म्हटलं तरी ते का पटावं? बायको गेलेल्या माणसाला दर आठवड्याला कॉफी पाजून तिचे शब्द काढून न्यायचे आणि विकायचे, असंच ते दिसत होतं. तिला स्वतःलासुद्धा रात्रंदिवस तसंच दिसू लागलं.

मुरली काकांचा डबा पोचवायला जायचा. येऊन सांगायचा. "वाचतायत. भिंग घेऊन." एकदा म्हणाला, "तिसऱ्या पुस्तकात हसले." भुवनेश्वरी एकदम उठली. "काय म्हणाले?" तर मुरली म्हणतो, "काही नाही. मी आहे बघून हसायचे थांबले."

इकडे सुब्रमण्यमचा फोन. "अम्मा, आडी आला. यंत्र रिकामं आहे. शेवटचं पुस्तक कधी देताय?" तिने सहाव्या पुस्तकातून नीरकमची सगळी बोली काढून टाकायचं ठरवलं. काढलीही. लोक आता नुसत्या तमिळमध्ये बोलू लागले, आणि वाचून पाहिलं तर नीरकमचा समुद्र आटून गेल्यासारखा झालेला. कुणी कुणावर नीट रागावत नव्हतं, कुणी कुणाला जेवायला बोलावत नव्हतं. तिने सगळं होतं तसं परत ठेवलं आणि पुढे एक ओळ लिहवेना. मुरली म्हणाला, "जाऊन पाय धर त्यांचे." ती म्हणाली, "त्यांनी नको म्हटलंय. तेवढं तरी ऐकते."

आणि मग एका दुपारी गाडी येऊन गेली, प्लॅटफॉर्म रिकामा झाला, आणि खिडकीच्या काचेवर टकटक झाली. भुवनेश्वरीने बोट पानात अडकवून वर पाहिलं. बाहेर सांबशिवकाका उभे होते. खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तकं.

"तंजावरचं एक," ते म्हणाले.

तिने तिकीट दिलं. त्यांनी ते खिशात नीट ठेवलं. "गाडी येईतंवर बाहेर येशील की?"

सहकाऱ्याला खिडकीत बसवून ती बाहेर गेली. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली बाक आहे, तिथे दोघं बसली. पलीकडे भाताची खाचरं, पाण्याने भरलेली. तिने मनात किती दिवस घोकून ठेवलं होतं. ते सगळं तोंडाशी येऊन एकमेकांत अडकलं.

"काका, मी सांगायचं होतं. भय वाटलं."

"कशाचं भय?"

"आपली बोली परक्या लोकांच्या तोंडीं घातली म्हणून. काकूला त्यांत घातली म्हणून. तुमच्याकडे मी त्याच्यासाठीं येत नव्हतें, काका. खरंच नव्हतें. म्हणजे, त्याच्यासाठींहि येत होतें, पण..."

"पोदुम," काका म्हणाले. पुरे. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "पहिलं वाचलं तेव्हां राग आला. फार आला. कमळीला बाजारांत बसवलीस असं वाटलं. दुसऱ्यालाहि आला. तिसऱ्यांत तिनें त्या राजाला हात धुतल्यावांचून ताटावर बसूं दिलं नाही, तेव्हां मला हसूं आलं. असंच करायची ती. माझ्या साहेबाला केलं होतं, ठाऊक आहे की?" त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. "घरांत ती नाही तर मी पुस्तक उघडायचों आणि ती बोलायची. चौथं मी हळू हळू वाचलं. संपूं नये म्हणून."

भुवनेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण सुटलो, असं तिला वाटलं. घाईच केली तिने.

"मग पांचवं वाचलं," काका म्हणाले. पिशवीतून त्यांनी ते पुस्तक काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "हें असं कां लिहिलीस?"

तिला वाटलं, वेंबीला मारलं त्याचं दुःख आहे. आणि त्यावर तर तिच्याजवळ इलाज होता. ती लगबगीने म्हणाली, "काका, सहावं अजून माझ्या हातांत आहे. मी तिला परत आणतें. आमच्या लिहिण्यांत तसं चालतं. समुद्रांतून उठते, किंवा ती मेलीच नव्हती असं कळतं. लोकांनाहि आवडेल. तुम्ही म्हणा, मी आणतें."

काका तिच्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, लहान पोर काहीतरी भलतंच बोलली की बघतात तसे.

"नक्को," ते म्हणाले. "ती गेली. तेथें परत आणलीस म्हणून मी घरीं गेलों की ती असणार आहे? गेली तें लिहिलीस, बेस केलीस. एकटी गेली म्हणून लिहिलीस तें खोटं." त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं. "तूं तेथें होतीस की?"

"नाही."

"मी होतों."

भुवनेश्वरीने पुस्तकावरचं त्यांचं बोट पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अस्के म्हणाले, तुम्ही औषध आणायला खालीं गेलां होतां..."

"तें आदल्या दिवशीं. दुपारीं मी तेथेंच होतों. तिच्याजवळ." त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी धोतराचा सोगा मुठीत धरला होता. "लोकांनीं काय म्हणायचं तें म्हटलं. मी कोणाकोणाला सांगत फिरूं? आणि कोणी मला विचारलं नाही. तूंहि विचारलीस नाही. दर रविवारीं येऊन ती काय म्हणायची, कशी म्हणायची, अस्कं विचारलीस. हें नाही विचारलीस."

खरंच नव्हतं विचारलं. विचारायला तिला धीर झाला नव्हता. आपण नव्हतो याची बोच इतकी मोठी होती की दुसरं कोणी असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि आपल्या बोचेपायी तिने या माणसाला त्याच्या बायकोच्या मरणाजवळून उठवून लावलं होतं, आणि ते छापून गावोगाव वाटलं होतं. पोरं बसमध्ये वेंबीची वाक्यं म्हणत होती, आणि वेंबीला कोणी नव्हतं हे सगळ्यांना पाठ होतं. तिला इतकी लाज वाटली की माफ करा म्हणायचंही सुचलं नाही.

मग ती म्हणाली, "सांगा, काका. मी आत्तां विचारतें."

काकांनी खाचरांकडे पाहिलं. "सांगण्यासारखं काय आहे त्यांत? ती बोलली नाही. मीहि बोललों नाही. एवढी बडबडी, आणि त्या दिवशीं अस्कं उगेच. मी बसलों होतों, तेवढंच."

"मी तेवढंच लिहितें."

"तेवढंच लिही. मला मोठा करूं नको. राजाबिजा नको."

"नाही करत."

तिने कागद काढला. वाचणाऱ्या माणसाच्या पुस्तकात कोरा कागद असतोच, खूण म्हणून घातलेला. बाकावर पुस्तक आडवं ठेवून त्यावर ती लिहू लागली, तमिळ अक्षरांत, त्यांच्या बोलीत. बाहेरच्याने वाचलं तर 'गाय'ची 'काय' होईल अशा अक्षरांत. नेहमी ती नीरकमच्या वाक्याखाली तमिळ अर्थ द्यायची. आज नाही दिला. ज्यांना लागेल त्यांना लागेल. शेवटच्या पुस्तकाची सुरुवात इथून होणार होती: वेंबी गेली त्या दुपारी नावेत एकटी नव्हती. मागच्या फळीवर एक म्हातारा होता. प्रवाशांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, कारण तो बोलत नसे.

लिहून झाल्यावर तिने कागद त्यांच्या हातात दिला. काकांनी खिशातून भिंग काढलं आणि ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचलं. लांबून गाडीची शिटी ऐकू आली. ते उठले नाहीत. शेवटच्या ओळीवर त्यांचं भिंग थांबलं. म्हातारा तिचा हात हातांत घेऊन बसला होता, असं तिने लिहिलं होतं.

"हात नाही," काका म्हणाले. "पाय. फार दुखत होते तिचे. मी शेवटपर्यंत पाय चेपत होतों."

भुवनेश्वरीने 'हात' खोडलं आणि 'पाय' लिहिलं.